जेलचा शिपाई ट्रेनिंगला गेला, तर पहाऱ्यावर कोण?

हिंडलगा जेलच्या शिपायाला ट्रेनिंग कधी मिळतं, हे आपण कधी विचारतो का? मोठ्या अधिकाऱ्यांसाठी कर्नाटकासह दक्षिणेतल्या राज्यांनी १९७९ साली वेल्लोरला अकादमी काढली. महाराष्ट्राची संस्था येरवड्याला आहे. खरी अडचण पुढं येते.

आम्ही कॉमर्सवाले, म्हणून हिशेबच मांडतो. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीप्रमाणे सहा कैद्यांमागे एक रक्षक. म्हणजे ६०० कैद्यांना १००, तीन पाळ्यांत वाटले की एका वेळी ३३. त्यातनं रजा, साप्ताहिक सुट्टी, दवाखान्यातला पहारा वजा करा. (सगळी पदं भरलेली आहेत असं धरून, बरं का!) उरलेल्यांतले चौघे महिनाभर वर्गात बसवले, की बाकीच्यांना डबल ड्युटी. मग साहेब ट्रेनिंगच पुढं ढकलतात. यासाठी ट्रेनिंगला गेलेल्यांच्या जागी राखीव माणसं आधीच मंजूर लागतात.

ढकलल्यानं काय बिघडतं? ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं कैद्यांना जातीवरून कामं वाटणं घटनाबाह्य ठरवलं. पण झाडू कुणाच्या हातात द्यायचा, हे रोज सकाळी बराकीतला शिपाई ठरवतो. त्याच्यापर्यंत नोटीस बोर्डावरचा कागद कितीसा पोचणार?