रोजच्या रंगभूषेसाठी तटस्थ आयशॅडो पॅलेट

तटस्थ आयशॅडो पॅलेट म्हणजे त्वचेच्या रंगाशी मिळत्याजुळत्या बदामी, तपकिरी व करड्या छटांचा संच होय. या छटा प्रामुख्याने पिवळ्या, तांबड्या व काळ्या लोह-ऑक्साइडांच्या मिश्रणातून तयार होतात आणि त्यांच्या प्रमाणानुसार उबदार, म्हणजे तांबूस-पिवळसर, किंवा शीत, म्हणजे करडेपणाकडे झुकणाऱ्या ठरतात. अर्बन डिके या अमेरिकी कंपनीच्या ‘नेकेड’ मालिकेत उबदार-शीत हा भेद, म्हणजेच पॅलेटांच्या तुलनेचा पहिला निकष, स्पष्ट दिसतो: २०१० मधील पहिल्या पॅलेटच्या १२ छटांमध्ये कांस्य व तपकिरी रंगांना प्राधान्य होते, २०११ मधील दुसरे पॅलेट त्याहून शीत होते, तर २०१३ मधील तिसरे गुलाबी छटांवर आधारलेले होते.

तुलनेचा दुसरा निकष पोताचा आहे. मॅट, म्हणजे चमकरहित, छटा पापणीच्या घडीला खोली देतात. उलट शिमर छटांतील अभ्रकाचे कण प्रकाश परावर्तित करतात, त्यामुळे पापणी उजळ दिसते, परंतु तिच्यावरील सुरकुत्याही उठून दिसतात. म्हणून रोजच्या वापरासाठी मॅट छटांचे प्रमाण अधिक असलेले पॅलेट सोयीचे ठरते.

तिसरा निकष वर्णाचा आहे. फिकट छटांत पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड अधिक असल्यास त्या सावळ्या त्वचेवर राखट दिसू शकतात. त्यामुळे गव्हाळ वा सावळ्या वर्णासाठी ज्यात मध्यम व गडद तपकिरी छटा पुरेशा आहेत, तेच पॅलेट खऱ्या अर्थाने तटस्थ मानावे.