सवय होते ती थकवा न जाणवण्याची

रेसिडेंट डॉक्टरांच्या कामाच्या तासांचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "त्यांना सवय असते हो." कॅज्युअल्टीबाहेर ताटकळणारे नातेवाईक ते बोलतात, टीव्हीवरच्या चर्चेत कुणीतरी बोलतं, आणि सगळ्यांत ठासून बोलतात ते ज्येष्ठ डॉक्टर : "आम्हीही ३६-३६ तास ड्यूट्या केल्या. आम्हाला काय झालं?" जे शरीरशास्त्र शिकले आणि ज्यांनी ते शिकवलं, त्यांच्या तोंडून हे यावं याची चीड येते. अपुऱ्या झोपेची सवय मेंदूला होत नाही. हे मोजून पाहिलेलं आहे.

अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी ४८ निरोगी प्रौढांवर केलेला प्रयोग २००३ साली 'स्लीप' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी काहींना सलग १४ रात्री चार तास, काहींना सहा, काहींना आठ तास झोपू दिलं आणि एका गटाला तीन रात्री जागंच ठेवलं. सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांची एकाग्रता आणि स्मरणशक्ती दिवसागणिक घसरत गेली. दोन आठवड्यांत त्यांची गत एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली. त्याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. 'किती झोप येतेय?' या प्रश्नाला पहिल्या काही दिवसांनंतर हे लोक जवळपास एकच उत्तर देत राहिले. कामगिरी ढासळत होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. "आता सवय झालीय" म्हणणारा रेसिडेंट खोटं बोलत नसतो. थकवा ओळखण्याची त्याची क्षमताच थकलेली असते.

ढासळत होती म्हणजे किती? १९९७ साली 'नेचर'मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी जागरणाची तुलना दारूशी केली. सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी खालावते, २४ तासांनंतर साधारण ०.१० टक्के असल्याइतकी. भारतात गाडी चालवण्यासाठी मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. ज्या अवस्थेत पोलीस चालकाला स्टिअरिंगवरून खाली उतरवतील, तशाच अवस्थेतला डॉक्टर पहाटे चार वाजता लहान मुलाच्या वजनावरून औषधाचा डोस काढत असतो. तिथे दशांश चिन्ह एक घर सरकलं, की डोस दसपट होतो.

हा नुसता तर्क नाही. बोस्टनमधल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत इंटर्न डॉक्टरांचं काम दोन वेळापत्रकांत विभागून त्यांच्या चुका मोजल्या गेल्या. २००४ च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधला तो अभ्यास सांगतो, की २४ तास किंवा त्याहून लांब पाळ्या असलेल्या वेळापत्रकात गंभीर चुका सुमारे ३६ टक्क्यांनी जास्त झाल्या. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात आणखी एक आकडा आला : अशा लांब पाळीनंतर घरी जाताना इंटर्नच्या वाहनाला अपघात होण्याची शक्यता २.३ पट होती.

"आम्हाला काय झालं?" याचं उत्तर देणारे जे टिकले तेच असतात. जे सोडून गेले किंवा जगातूनच गेले, ते उत्तर द्यायला नाहीत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये अहवाल दिला. त्यासाठीच्या सर्वेक्षणात उत्तर देणाऱ्या पाच हजारांवर पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचा विचार येऊन गेला होता. आणि लांब ड्यूट्यांच्या ज्या परंपरेचा अभिमान मिरवला जातो, ती घडवणाऱ्यांत अग्रणी असलेले जॉन्स हॉपकिन्सचे शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड स्वतः कोकेनच्या आणि पुढे मॉर्फिनच्या व्यसनात अडकलेले होते, हेही या ज्येष्ठांनी एकदा वाचावं.

एक आक्षेप मात्र ऐकून घ्यायला हवा. पाळ्या लहान केल्या की हँडओव्हर वाढतात, माहिती गळते, रुग्णाचंच नुकसान होतं, असं म्हणतात. २०२० मध्ये अमेरिकेतल्या बाल-अतिदक्षता विभागांच्या अभ्यासात लहान पाळ्यांच्या वेळी चुका खरंच वाढलेल्या दिसल्या. पण तिथे त्याच काळात दर डॉक्टरमागे रुग्णही वाढले होते, आणि तो फरक हिशेबात धरल्यावर चित्र बदललं. तास कापायचे आणि माणसं तेवढीच ठेवायची, तर थकवा फक्त जागा बदलतो. उपाय भरतीचा आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. बर्नआउट म्हणजे मनाचा कमकुवतपणा, हे चूक : जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये त्याची व्याख्याच 'कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या दीर्घकालीन ताणातून येणारी अवस्था' अशी आहे. चहा-कॉफीने झोप भरून निघत नाही, ती फक्त काही तास जाणवत नाही. तासाभराच्या योग कार्यशाळेने प्रश्न सुटत नाही. २०१७ च्या एका एकत्रित विश्लेषणात डॉक्टरांना धडे देण्यापेक्षा कामाची व्यवस्था बदलणारे उपाय जास्त परिणामकारक ठरले. सगळ्या शाखांत ताण सारखाच, हेही खरं नाही : अमेरिकेतल्या मेडस्केपच्या २०२३ च्या पाहणीत इमर्जन्सी विभागाचे ६५ टक्के डॉक्टर बर्नआउटबद्दल बोलले, सर्व शाखांत सर्वाधिक. हा फक्त डॉक्टरांचा प्रश्नही नाही. सिस्टर, ब्रदर, वॉर्डातले मामा-मावशी, १०८ रुग्णवाहिकेचे चालक यांच्याही शरीराचे नियम तेच आहेत.

"आपल्याकडे नियमच नाहीत" हा शेवटचा गैरसमज, आणि सर्वांत सोयीचा. केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग सक्रिय ड्यूटी सर्वसाधारणपणे दिवसाला १२ तासांपेक्षा जास्त नसावी, असं लिहिलेलं आहे. २०२४ च्या कृती दलाने आठवड्याला कमाल ७४ तास आणि एक सुट्टी सुचवली. तरीही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ज्या तरुण डॉक्टरची हत्या झाली, ती ३६ तासांच्या ड्यूटीत सेमिनार हॉलमध्ये विसावली होती.

आपल्या जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कॅज्युअल्टीची मंजूर पदं किती, भरलेली किती आणि ड्यूटीचं वेळापत्रक काय, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाला दहा रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. तो अर्ज करा.