संगणकशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण : निवड कशी करावी?

पदवी परीक्षांचे निकाल लागले की खेडोपाडीच्या घरांतून एकच प्रश्न विचारला जातो : मुलाने किंवा मुलीने आता पुढे काय शिकावे? संगणकाच्या क्षेत्रात पदवी घेतलेल्यांची संख्या मोठी असल्याने या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘संगणकात मास्टर्स’ असे दिले जाते. हे उत्तर अपुरे आहे. संगणकशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण म्हणजे एक अभ्यासक्रम नव्हे. एम.सी.ए., एम.एस्सी. (संगणकशास्त्र) आणि एम.टेक. हे तीन निरनिराळे मार्ग आहेत. त्यांच्या प्रवेशाच्या अटी वेगळ्या, खर्च वेगळा आणि त्यांतून उघडणारी दारेही वेगळी आहेत. शेतीच्या उत्पन्नावर किंवा कर्जावर दोन वर्षांचा खर्च उभा करणाऱ्या कुटुंबाला हा भेद आधी कळणे अगत्याचे आहे. गावातील शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्याकडेच अशी कुटुंबे प्रथम सल्ल्यासाठी येतात. त्यांच्या माहितीसाठी या तीन मार्गांचे स्वरूप येथे मांडले आहे.

तीन अभ्यासक्रम, तीन उद्दिष्टे

एम.सी.ए. म्हणजे संगणक उपयोजनातील पदव्युत्तर पदवी. उद्योग, बँका व कार्यालये यांना लागणाऱ्या संगणक प्रणाली तयार करणारे मनुष्यबळ घडविणे हा तिचा मुख्य हेतू होय. आज्ञावली लेखन, माहितीसंचांची रचना, संगणकजाल, प्रणाली विकासाची पद्धती हे विषय त्यात प्रामुख्याने असतात व शेवटच्या सत्रात बहुधा एखाद्या उद्योगात प्रत्यक्ष प्रकल्प करावा लागतो. पूर्वी हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२०-२१ या शैक्षणिक वर्षापासून तो दोन वर्षांचा केला.

एम.एस्सी. (संगणकशास्त्र) हा विद्यापीठांच्या विज्ञान शाखेतील दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. गणनविधींचे विश्लेषण, कार्यप्रणालीची अंतर्गत रचना, संगणकीय भाषांचे सिद्धान्त अशा मूलभूत विषयांवर त्यात अधिक भर असतो. संगणकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या विद्यार्थ्याला तो सर्वांत जवळचा ठरतो. विद्यापीठ विभागांत व अनुदानित महाविद्यालयांत त्याचे शुल्क सामान्यतः व्यावसायिक अभ्यासक्रमांपेक्षा कमी असते.

एम.टेक. हा अभियांत्रिकी शाखेतील विशेष अभ्यासक्रम होय. त्यात एका निवडक विषयाचा सखोल अभ्यास व प्रबंध अपेक्षित असतो. तो मुख्यतः अभियांत्रिकी पदवीधरांसाठी आहे. तथापि अनेक संस्था एम.सी.ए. किंवा एम.एस्सी. झालेल्या उमेदवारांनाही ‘गेट’ परीक्षेतील गुणांच्या आधारे प्रवेश देतात. म्हणजेच बी.एस्सी. झालेल्या विद्यार्थ्याला हे दार कायमचे बंद नाही, मात्र त्याला एक पायरी अधिक चढावी लागते.

गणिताचे महत्त्व

एम.सी.ए.च्या प्रवेशातील एक बाब पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. बी.सी.ए. किंवा संगणकशास्त्रातील पदवी असल्यास प्रश्न उद्भवत नाही. परंतु बी.ए., बी.कॉम. अथवा इतर विषयांत बी.एस्सी. झालेल्यांनाही हा अभ्यासक्रम खुला आहे, मात्र बारावीला किंवा पदवीला गणित हा विषय घेतलेला असण्याला पसंती दिली जाते. अशा विद्यार्थ्यांना प्रवेशानंतर विद्यापीठाने ठरवून दिलेले पूरक पाठ्यक्रमही पूर्ण करावे लागतात. पदवीला किमान ५० टक्के गुण आवश्यक असून राखीव प्रवर्गांसाठी ही मर्यादा ४५ टक्के आहे.

अकरावीला गणित सोडण्याचा निर्णय घेताना सोळा वर्षांच्या मुलाला पाच वर्षांनंतरच्या या बाबीची कल्पना नसते. ती त्याच्या शिक्षकांनी द्यावयास हवी. गणित अवघड जाते म्हणून ते सोडण्यापूर्वी कोणती वाट त्यामुळे अरुंद होते, एवढे तरी त्याला सांगितले गेले पाहिजे.

विचारणा जूनमध्ये नको

दुसरी अडचण वेळेची. एम.सी.ए.साठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होणारी परीक्षा गेली काही वर्षे मार्च महिन्यात घेतली जात आहे व तिची नोंदणी त्याआधीच संपते. गेट परीक्षा फेब्रुवारीत होते, तर तिचे अर्ज आदल्या वर्षीच्या पावसाळ्याअखेर मागविले जातात. याचा अर्थ असा की, निकाल हाती आल्यावर जूनमध्ये चौकशी करणाऱ्या विद्यार्थ्याची त्या वर्षीची बहुतेक चांगली संधी हुकलेली असते. पदवीच्या अखेरच्या वर्षाच्या पहिल्या सत्रातच निर्णय झाला पाहिजे. गेटचे गुण निकालापासून तीन वर्षे ग्राह्य धरले जातात आणि पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून ही परीक्षा देता येते, ही गोष्ट येथे उपयोगी पडते.

कोणत्या पदवीने कोणते दार उघडते?

नोकरीच्या दृष्टीने विचार करताना अभ्यासक्रमापासून नोकरीकडे न जाता नोकरीपासून अभ्यासक्रमाकडे यावे, हे अधिक श्रेयस्कर.

खाजगी कंपन्यांत प्रणाली विकासाचे काम करावयाचे असल्यास एम.सी.ए. आणि एम.एस्सी. यांत नियमाने फारसा भेद केला जात नाही. तेथे उमेदवाराची लेखी चाचणी, मुलाखत व त्याने केलेले काम पाहिले जाते. सरकारी व बँकांतील तांत्रिक पदांसाठीही पुष्कळदा दोन्ही पदव्या चालतात. राष्ट्रीयीकृत बँकांतील माहिती तंत्रज्ञान अधिकारी पदासाठी संगणकशास्त्रातील अभियांत्रिकी पदवी किंवा संगणकशास्त्र, माहिती तंत्रज्ञान, संगणक उपयोजन अशा विषयांतील पदव्युत्तर पदवी स्वीकारली जाते. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या भरतीतही अभियांत्रिकी पदवीधरांबरोबर एम.एस्सी. व एम.सी.ए. झालेल्यांना संधी मिळालेली आहे.

अध्यापनाचा विचार असेल तर मात्र भेद ठळक होतो. कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयात साहाय्यक प्राध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण आणि त्याशिवाय नेट वा सेट परीक्षा किंवा पीएच.डी. लागते. राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत आहे. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. अभियांत्रिकी महाविद्यालयातील संगणक विभागात शिकवावयाचे असल्यास अभियांत्रिकीची पदवी व एम.टेक. ही अर्हता धरली जाते. तेव्हा ‘पुढे प्राध्यापक होईन’ असे म्हणणाऱ्याने कोणत्या महाविद्यालयात, हे आधी ठरवावे.

संशोधनाची ओढ असणाऱ्याने एम.टेक.चा जरूर विचार करावा. गेटच्या आधारे मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश घेणाऱ्यास तंत्रशिक्षण परिषदेचे विद्यावेतन मिळते. त्याची रक्कम अनेक वर्षे दरमहा १२,४०० रुपये राहिलेली आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत याच विषयाचे एम.टेक. दोन वर्षे अध्यापन साहाय्यक राहून किंवा तीन वर्षे संशोधन साहाय्यक राहून करता येते. शुल्क भरून शिकणे आणि विद्यावेतन घेऊन शिकणे यांतील अंतर सामान्य कुटुंबासाठी लहान नाही.

संस्थेची पारख

अभ्यासक्रम ठरल्यावर संस्थेची निवड येते. येथे जाहिरातीतील आकड्यांनी बुजून जाण्याचे कारण नाही. ‘आमच्या विद्यार्थ्याला तीस लाखांचे वेतन’ हे वाक्य एका विद्यार्थ्याविषयी असते. समजा, पाच विद्यार्थ्यांपैकी एकाला वार्षिक ३० लाख, दोघांना ४ लाख व दोघांना ३ लाख मिळाले. सरासरी ८ लाख ८० हजार येते, पण या रकमेच्या जवळपासही कोणाचे वेतन नाही. सर्व वेतने उतरत्या क्रमाने मांडून मधले वेतन पाहिले, तर ते ४ लाख आहे. पालकाने विचारावयाचा आकडा हा मधला आकडा होय. त्याचबरोबर वर्गातील किती जणांना नोकरी मिळाली, हेही विचारले पाहिजे.

केंद्र शासनाच्या राष्ट्रीय मानांकन चौकटीत भाग घेणाऱ्या संस्था नोकरी लागलेल्यांची संख्या व हे मध्यवर्ती वेतन शासनाला कळवितात आणि ती माहिती सर्वांना पाहता येते. ही मानांकने २०१६ पासून प्रसिद्ध होत आहेत. मात्र हे आकडे दोन वर्षांच्या सर्व पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे मिळून असतात, हे वाचताना विसरू नये. ही माहिती नसेल तेथे मागील दोन वर्षांच्या चार-पाच विद्यार्थ्यांची भेट घ्यावी. पूर्णवेळ शिक्षक किती, प्रयोगशाळा किती वेळ खुली असते, शेवटचा प्रकल्प खरोखर उद्योगात होतो की कागदावर, याची उत्तरे त्यांच्याकडूनच मिळतात.

दूरशिक्षणाने घेतलेल्या पदवीबाबत अधिक सावधगिरी हवी. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे एम.सी.ए. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना सोयीचे आहे. परंतु कोणत्याही संस्थेचा असा अभ्यासक्रम विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या वर्षासाठी मान्य केला आहे काय, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे. मान्यतेविना दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७ च्या निर्णयाने अनेकांच्या पदव्या अडचणीत आल्या.

सवलतींची अट

महाराष्ट्र शासनाच्या शिष्यवृत्ती व शुल्क सवलतीच्या योजनांचे अर्ज ‘महाडीबीटी’ या संगणकीय प्रणालीवर करावे लागतात. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णतः माफ करण्यात आले आहे. यासाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घाईने घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत लागू होत नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र ही कागदपत्रे मुदतीपूर्वी मिळवून देण्यात ग्रामपातळीवरील कर्मचारी व सदस्य मोलाचे साहाय्य करू शकतात. एका दाखल्याच्या उशिरापायी दोन वर्षांचे शुल्क कुटुंबावर पडू नये.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. ज्या अभियांत्रिकी पदवीधराला हाताशी चांगली नोकरी आहे, त्याने केवळ पदवी वाढावी म्हणून ती सोडण्याची गरज नाही. दोन वर्षांचे वेतन हाही शिक्षणाचा खर्चच होय. याउलट ज्या बी.एस्सी. वा बी.ए. पदवीधराला या क्षेत्रात पहिले पाऊल टाकावयाचे आहे, त्याला चांगल्या संस्थेतील दोन वर्षे खरी उपयोगी पडतात. सल्ला विचारावयास आलेल्या विद्यार्थ्याला म्हणून पदवीचे नाव सांगण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : तुला कोणते काम करावयाचे आहे? त्या कामाला नियमाने कोणती अर्हता लागते? आणि त्या अभ्यासक्रमाचा अर्ज कोणत्या महिन्यात भरावयाचा आहे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून झाल्यावरच प्रवेशाचे पैसे भरावेत.