बाईंसाठी एक पान

मूल्यमापनाचा अहवाल चांगला जाडजूड असतो. त्यात पर्सेंटाइल असतात, ऑटिझम, एडीएचडी अशी निदानं असतात. पण गणिताच्या तासाला मूल उठून दाराशी गेलं तर काय करायचं, ते त्यात सापडत नाही. वर्गातल्या बाईंना तर नेमकं तेच हवं असतं. म्हणून शारजातल्या अल मजाजमध्ये, खालिद लगूनजवळच्या एका मराठी घरात, एप्रिलमध्ये सहावीचा वर्ग सुरू होण्याआधी मुलाची आई आणि मी अहवाल बाजूला ठेवून एक पान लिहायला बसलो. आधी मराठीत, कारण आईला लेकाचं बारीकसारीक मराठीतच आठवतं. बाई केरळच्या, म्हणून मागाहून इंग्रजीत.

आईने पहिलं वाक्य लिहिलं, 'एका जागी बसत नाही.' मी विचारलं, बसतो कधी?

"लिफ्टची चित्रं काढताना तासभर हलत नाही, ताई."

तिथून पान भरत गेलं. इथल्या टॉवरांत तळघर, तळमजला, पार्किंगचे मजले, मग घरं. कुठल्या इमारतीत बटणं कशी आहेत, हे त्याला तोंडपाठ. मग वाक्य बदललं : 'ऋण संख्या लिफ्टच्या बटणांवरून शिकवल्या तर बसून सोडवतो. तीन सूचना एकदम दिल्या तर शेवटचीच पाळतो. एकेक लिहून द्यावी.' बलस्थानं कौतुकाच्या रकान्यात आणि अडचणी दुसऱ्यात, ही पद्धत मला मुळीच पटत नाही. मुलाला मदत करायची तर त्याच्या आवडीचाच हात धरावा लागतो.

सोमवारचं वेगळं लिहिलं. 2022 पासून शारजात शुक्रवार ते रविवार सुट्टी असते. तीन दिवसांनी वर्गातला गोंगाट त्याला सोसवत नाही, तो कान झाकून घेतो. हा उद्धटपणा नाही, हे ठळक लिहिलं. पहिल्या तासाला कोपऱ्यातली जागा आणि थोडा वेळ शांत काम द्यावं, हेही. विशेष गरजांच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, असं संयुक्त अरब अमिरातीचा 2006चा कायदा सांगतो. पण प्रवेशानंतरचे असे सोमवार बाईंनाच निभवावे लागतात.

बाईंनी पान दोनदा वाचलं. "फळ्यावरचं उतरवताना मागे पडला तर?" याचं उत्तर आमच्या पानावर नव्हतं. मजकूर छापून द्यायचा, मधल्या गाळलेल्या जागा त्याने भरायच्या, असं तिघींनी मिळून ठरवलं. महिनाभर बाई एकच नोंद ठेवणार आहेत : तो उठतो, त्याच्या आधी वर्गात काय चाललेलं असतं.