चार डबे माती, मूठभर भाजी



मी दवाखान्यात नर्स होते तेव्हाची गोष्ट. गरोदर बायांच्या तपासणीचा दिवस होता आणि रांग दारापर्यंत गेली होती. एका सहा महिन्यांच्या गरोदर बाईचे हिमोग्लोबिन आठच्या खाली आले. मी कार्डावर आकडा लिहिला, गोळ्यांची पाकिटे दिली आणि नेहमीचे वाक्य बोलले, "हिरव्या पालेभाज्या खात जा."

ती शांतपणे म्हणाली, "सिस्टर, तुमी तं रोजच सांगता. पन मेथीची जुडी तीस रुपयाले हाय. दोन जुड्यांच्या पैशात माह्या घरचा एका दिवसाचा बाजार होते."

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी पुढच्या बाईला आवाज दिला.

बाळंतपणात तिला दोन बाटल्या रक्त चढवावे लागले. बाळ वाचले, पण वजन दोन किलोही भरले नाही. नंतर कळले की गोळ्या खाल्ल्या की तिला मळमळायचे आणि शौचाला काळे व्हायचे, म्हणून घाबरून तिने गोळ्या सोडल्या होत्या. हे आधी होऊ शकते असे तिला कोणी सांगितले नव्हते. सांगायचे काम माझे होते.

नोकरी सोडून वस्तीत काम करू लागल्यावर मी तिच्या घरी गेले. गल्ली दोन सायकली जेमतेम जातील एवढी. तरी दाराशेजारी फुटक्या टोपल्यात चवळाई, तेलाच्या डब्यात सांबार आणि भिंतीवर पोईचा वेल चढलेला! तिच्या सासूने लावला होता. म्हातारी म्हणाली, "गावात आमाले जमीन नोयती. बांधावरचा तरोटा, घोळ, चिवळ खुडून पोट भरलं. इथं बांध नाही, तं डब्यात लावलं." दवाखान्याच्या टेबलावर मला जे सुचले नव्हते, ते या माउलीने करून ठेवले होते.

ही भाजी कशासाठी?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगते की महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत हे प्रमाण शंभरात जवळपास ६९ आहे. दम लागणे, पायात गोळे येणे, चक्कर, कामात मन न लागणे, मुलाचे अभ्यासात लक्ष नसणे, हे सगळे आपण 'कमजोरी' म्हणून सोडून देतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहार मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाच्या ताटात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असावीत. पाच माणसांच्या घरात ही दोन किलो भाजी झाली. मजुरीवर चालणाऱ्या घराला ती रोज विकत घेणे जमत नाही, म्हणून आलू आणि पातळ वरणावर दिवस निघतात.

चार डब्यांतून दोन किलो भाजी निघणार नाही, हे आधीच सांगते. पण आठवड्याला एखादी जुडी पालेभाजी, रोजचा सांबार, दोन हिरव्या मिरच्या आणि पुदिना एवढे नक्की निघते. आज ताटात हिरवे काहीच नसेल, तर हा फरक मोठा आहे.

डबा, माती, पाणी

डबा: पंधरा किलोचा तेलाचा डबा आडवा ठेवून वरची बाजू कापा. पालेभाजीला वीतभर खोल मातीही पुरते. तांदळाची गोणी, फुटका टब, थर्माकोलचा खोका हेही चालते. तळाला पाच-सहा भोके पाडा, नाहीतर मुळे सडतात. कापलेल्या पत्र्याची धार ठोकून आत वळवा. रंग, ॲसिड, फिनाइल किंवा कीटकनाशकाचे डबे आणि बॅटरीची खोकी कधीही वापरू नका. त्यातले विष मातीत उतरते.

माती: आपल्याकडची काळी माती चिकट, पाणी धरून ठेवते. दोन घमेली माती, एक घमेले जुने कुजलेले शेणखत आणि एक घमेले रेती व वाळका पाला असे मिसळा. ताजे शेण घालू नका, मुळे जळतात. नाल्याकाठची, भंगार दुकानाजवळची किंवा मोठ्या रस्त्याच्या कडेची माती आणू नका. अशा मातीत शिसे असू शकते आणि लहान मुलांच्या मेंदूला ते घातक असते.

पाणी: नळ तासभर येतो, तो पिण्याचा की झाडांचा, असा प्रश्न पडतो. तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणी एका बादलीत साठवा. चार डब्यांना तेवढे पुरते. साबणाचे, खरकट्याचे किंवा नालीचे पाणी पालेभाजीला घालायचे नाही. नालीच्या पाण्यातून जंतांची अंडी पानावर येतात.

जागा: सकाळचे चार तास ऊन मिळाले तरी पालेभाजी येते. मिरची आणि टमाटरला याहून जास्त लागते. ऊन अगदी कमी असेल तर पोई आणि पुदिना लावा. ओल्या मातीचा भरलेला डबा वीस किलोच्या पुढे जातो, म्हणून पत्र्याच्या छतावर ठेवू नका. भिंतीलगत दोन विटांवर ठेवा.

काय लावायचे?

बियाण्यासाठी दुकान शोधायची गरज नाही. मेथीदाणे आणि धने किराणा दुकानातलेच चालतात. धने चपलेने हलके रगडून दोन भाग करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून घाईने उकरू नका. मेथी तीन-चार आठवड्यांत खुडायला येते. चवळाई आणि लाल माठही तेवढ्याच दिवसांत. पोई आणि पुदिना काडी खोचली की लागतो.

चारही डबे एकाच दिवशी पेरायचे नाहीत. दर आठ दिवसांनी एक डबा पेरा. चौथा पेरून होईपर्यंत पहिला खुडायला येतो आणि चक्र चालू राहते. चवळाई मुळासकट उपटू नका. वरून खुडा, पुन्हा फुटते.

पावसाळ्यात अंबाडी, चवळाई, पोई आणि पत्र्यावर चढणारा दोडका. हिवाळ्यात मेथी, पालक, सांबार, मुळा, टमाटर. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला जातो, तेव्हा मेथी-पालकाचा हट्ट नको. जुन्या साडीची सावली करून चवळाई आणि पुदिना जगवा. पाणी सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर द्या.

मावा पडला तर फवारणीचे औषध आणू नका. पन्नास ग्रॅम वाळलेली निंबोळी कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा आणि संध्याकाळी शिंपडा.

थोडी मोकळी जमीन असेल, विहाराच्या आवारात असते तशी, तर मुनगा (शेवगा) लावा. पावसाच्या सुरुवातीला हातभर जाड फांदी रोवली की जगते. शेंगाच नव्हे, त्याचा पालाही भाजीत, वरणात, भाकरीच्या पिठात घाला. त्यात लोह, चुना आणि अ जीवनसत्त्व आहे. मात्र मुनग्याचे लाकूड ठिसूळ असते. विजेच्या तारेखाली किंवा कोणाच्या छपराजवळ लावू नका. फळांत पपई लवकर येते, नऊ-दहा महिन्यांत. झाड नर की मादी हे फूल येईपर्यंत कळत नाही, म्हणून दोन-तीन रोपे लावा. लिंबाला काही वर्षे लागतात, पण एक झाड सगळ्या गल्लीला पुरते.

लिंबू पिळा, चहा लांब ठेवा

पालेभाजीतले लोह शरीर फार थोडे घेते. ते वाढवायचे तर क जीवनसत्त्व सोबत हवे. जेवताना भाजीवर लिंबू पिळा, कच्चा सांबार घाला, पेरू किंवा आवळा खा. जेवणाला लागूनच चहा प्यायला की लोह वाया जाते. जेवण आणि चहा यांत किमान एक तास ठेवा. लोखंडी कढईत भाजी करा. पाला आधी धुवा, मग चिरा, आणि उकडलेले पाणी फेकू नका.

पालेभाजी म्हणजे औषध नव्हे. हिमोग्लोबिन कमी असेल तर गोळ्या घ्यायच्याच. गरोदर बाईने चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा किमान १८० लोहाच्या गोळ्या घ्यायच्या असतात. शौचाला काळे होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मळमळ होत असेल तर रात्री जेवल्यावर घ्या, पण सोडू नका. मुलांना फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळा-अंगणवाडीत मिळणारी जंताची गोळी चुकवू नका.

सिकलसेल असेल तर

विदर्भात आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासींमध्ये सिकलसेल बराच आढळतो. त्यातही रक्त कमी असते, पण कारण वेगळे. लाल पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन लवकर तुटतात. अशा रुग्णाने, विशेषतः वारंवार रक्त चढवलेल्याने, डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाची गोळी घेऊ नये. शरीरात लोह साठू शकते. त्याला लागते ते फोलिक ॲसिड, नव्या पेशी तयार करायला. डॉक्टरांनी दिलेली फोलिक ॲसिडची गोळी चालू ठेवा आणि जोडीला ताज्या पालेभाज्या खा. पाणी भरपूर प्या. ज्यांची तपासणी झाली नसेल त्यांनी करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती होते. लग्न ठरवण्याआधी दोन्ही घरांनी कार्ड पाहावे, यात लाजण्यासारखे काही नाही.

किडनीचा आजार असलेल्यांनी कोणती भाजी किती खावी हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

भाजीबरोबर डास वाढवू नका

डब्याखालच्या ताटलीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास उडतो. म्हणून शक्यतो ताटली ठेवूच नका. ठेवली तर आठवड्यात एक दिवस ठरवून ओता आणि घासून कोरडी करा. त्याच दिवशी कूलरही रिकामा करा. मातीत काम केल्यावर साबणाने हात धुवा. गंजलेला पत्रा लागला तर जखम धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखान्यात जा.

सुरुवात कोण करणार?

दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. आपल्या आजी-आजोबांपैकी किती तरी जण जमिनीसाठी तुरुंगात गेले. तो प्रश्न चार डब्यांनी सुटत नाही, आणि डबे लावले म्हणून रेशन, अंगणवाडीचा आहार आणि दवाखान्यातल्या गोळ्या मागायचे सोडायचेही नाही. ते आपले हक्क आहेत.

पण येत्या रविवारी महिला मंडळाच्या बैठकीत एवढे करा. वस्तीतल्या दोन म्हाताऱ्या आज्यांना पुढे बसवा आणि त्यांना कोणकोणता पाला माहीत आहे ते विचारा, पोरींना वहीत लिहून घ्यायला सांगा. प्रत्येक घराने एक डबा पेरावा. ज्या घरी गरोदर बाई आहे आणि हात रिकामा नाही, तिचा डबा शेजारणीने पेरावा. आशाताईंना बोलावून सगळ्यांचे हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि आकडा त्याच वहीत लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

त्या बाईचा मुलगा आता शाळेत जातो. आजीच्या टोपल्याला पाणी घालायचे काम त्याच्याकडे आहे. परवा गेले तर मूठभर चवळाई माझ्या हातात ठेवून म्हणाला, "सिस्टर, घरी न्या." मी ती घरी आणून भाजी केली, वर लिंबू पिळले.