चौकट खालूनच का कुजते?

पावसाळा सरला की हा प्रश्न विचारणारी पत्रं ठरलेली. आजोबांच्या वाड्यातली खिडकी अजून ठणठणीत, मग आमच्या फ्लॅटची चौकट इतक्या लवकर भुसभुशीत कशी झाली? आणि तीही खालच्या कोपऱ्यातच?

म्हातारपण हे लाकडाचं दुखणं नव्हे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या सागवानी कमानी सुमारे २,००० वर्षांच्या आहेत. वर अखंड कातळ, पावसाला शिरकाव नाही. लाकूड कुजवते ती बुरशी. कुजल्यामुळे बुरशी येते, अशी जुनी समजूत होती. ती उलटी असल्याचं रॉबर्ट हार्टिग या जर्मन शास्त्रज्ञानं १८७० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांखाली राहिला, तर या बुरशीचं काही चालत नाही.

आता कोपरा बघा. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. बाजूनं पाणी सावकाश मुरतं, पण कापलेल्या टोकातून घटाघट प्यायलं जातं. उभ्या लाकडाचं कुसू (सांध्यासाठी कापलेलं टोक) खालच्या पट्टीत बसतं, म्हणजे तहानलेलं टोक नेमकं पाणी साचतं तिथेच! लाकूड फुगतं, आकसतं, सांध्यावरचा रंग तडकतो. फटीतून पाणी आत जातं आणि उरलेला रंग ते सुकू देत नाही. रंगाच्या डब्यावरची ‘वर्षानुवर्षं संरक्षण’ ही जाहिरात या फटीबद्दल अवाक्षर काढत नाही.

वाड्याच्या खिडकीला छज्जा होता आणि लाकूड गाभ्याचं होतं. सागाच्या गाभ्यात बुरशीला न मानवणारी रसायनं असतात. सालीलगतचं फिकट लाकूड मात्र सागाचं असलं तरी कुजतं. ‘सागवान’ म्हणून विकतात ते दोन्ही!

हलक्या लाकडाला हे कवच देण्याचा नामी उपाय डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत निघाला. सोन्टी कामेशम यांनी १९३३ मध्ये तांबं, आर्सेनिक आणि क्रोमियम यांच्या क्षारांचं मिश्रण शोधलं. तांबं बुरशीला आवरतं, आर्सेनिक किड्यांना. गंमत क्रोमियमची: ते या दोघांना लाकडात असं जखडतं की पाऊस त्यांना सहज धुऊन नेत नाही. जगभरच्या खांबांना आणि कुंपणांना हे मिश्रण पाजलं गेलं, पण कामेशम आपल्या पाठ्यपुस्तकांत शोधूनही सापडायचे नाहीत. आर्सेनिकच्या धास्तीनं अमेरिकेत २००३ अखेर घरगुती वापरातून ते मागे घेतलं गेलं. त्याच्या जागी आलेल्या बहुतेक मिश्रणांत तांबं आहेच.

नवी खिडकी करताय? मग कुसू बसवण्याआधी त्याच्या टोकांना प्रायमर पाजायला सुताराला सांगा. चौकट जुळल्यावर तिथे ब्रश पोचत नाही.