हवामानबदल आणि सशस्त्र संघर्ष : संबंध आणि मर्यादा

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला :
• हवामानबदल व सशस्त्र संघर्ष यांच्यातील संबंधाचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• महाराष्ट्रातील १८७६-७८ आणि १९७२-७३ या दोन दुष्काळांच्या सामाजिक परिणामांची तुलना करता येईल.
• वर्धा जिल्ह्यातील शेतीसंकटाचा या दृष्टीने विचार करता येईल.

१. प्रास्ताविक

विकसनशील देशांतील अनेक लोकांची उपजीविका शेती, पशुपालन, मासेमारी आणि वनोपज यांवर अवलंबून असते. या चारही व्यवसायांचा आधार हवामान हाच आहे. त्यामुळे तापमान वाढले आणि पाऊस लहरी झाला, की उपजीविका डळमळीत होते. उपजीविका डळमळली, की पाणी, जमीन आणि चारा यांसाठी माणसे एकमेकांविरुद्ध उभी राहतात, असे सामान्यतः मानले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने एप्रिल २००७ मध्ये या प्रश्नावर पहिल्यांदा चर्चा केली. हवामानबदल हा ‘धोका वाढवणारा घटक’ आहे, ही संज्ञाही त्याच वर्षी अमेरिकेतील निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांच्या एका अहवालामुळे रूढ झाली.

या संज्ञेतील ‘वाढवणारा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हवामान संघर्ष निर्माण करते असे तो म्हणत नाही. आधीच असलेला धोका वाढवते, एवढेच म्हणतो. हा भेद का महत्त्वाचा आहे, ते आता पाहू.

२. कार्यकारणसंबंधाचे स्वरूप

सुदानमधील दारफूर प्रदेशाचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. १९८० च्या दशकातील तीव्र दुष्काळानंतर तेथील उत्तरेकडचे पशुपालक दक्षिणेकडे सरकले. चराई आणि पाणी यांवरून स्थानिक शेतकऱ्यांशी त्यांचे तंटे वाढले. परंतु असे तंटे त्या प्रदेशात पूर्वीही होत आणि जमातींतील जाणती माणसे ते मिटवीत. ही व्यवस्था दुबळी झाली, प्रदेशाची राजकीय उपेक्षा होत राहिली आणि २००३ मध्ये बंड होताच सरकारने एका बाजूच्या टोळ्यांना बळ दिले. तंट्याचे रूपांतर युद्धात झाले ते या टप्प्यावर.

दुष्काळ आणि युद्ध यांच्यामध्ये अशा प्रकारे अनेक दुवे असतात : कर्ज, जमिनीची मालकी, शासनाचे वर्तन, तंटे सोडवण्याची व्यवस्था आणि शस्त्रांची उपलब्धता. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाने २०२२ च्या अहवालात हाच निष्कर्ष मांडला आहे. संघर्षाच्या इतर सामाजिक-आर्थिक कारणांच्या तुलनेत हवामानाचा प्रभाव सौम्य असतो, असे हे मंडळ म्हणते.

३. महाराष्ट्रातील दोन दुष्काळ

३.१ दख्खनचे दंगे आणि १८७६-७८ चा दुष्काळ

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि भारतीय कापसाचे भाव चढले. वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटचा कापूस इंग्लंडच्या बाजारात नावाने ओळखला जात असे. युद्ध संपताच भाव कोसळले. दख्खनमध्ये याच सुमारास शेतसाऱ्याची फेरआकारणी होऊन सारा वाढला. शेतकरी सावकाराच्या कर्जात रुतले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उद्रेक झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. जमावाचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर होता. रोखे हस्तगत करून जाळण्यात आले. प्राणहानी फारशी झाली नाही.

येथे कालक्रम लक्षात घ्यावा. हे दंगे मोठ्या दुष्काळाच्या *आधी* झाले. म्हणजेच त्यांचे कारण न पडलेला पाऊस हे नसून बाजार, सारा आणि कर्ज हे होते.

पुढच्याच वर्षी पावसाने दगा दिला. १८७६-७८ च्या दुष्काळात देशभर लाखो माणसे दगावली. सरकारचे लक्ष खर्च आवरण्याकडे होते. दुष्काळी कामांवरील मजुरी १८७७ च्या आरंभी कमी करण्यात आली, तेव्हा मुंबई इलाख्यातील अनेक मजुरांनी कामे सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने लोकांच्या हालअपेष्टांची माहिती गोळा करून ती सरकारपुढे मांडली. परंतु तिला निर्णयाचा अधिकार नव्हता. अशा परिस्थितीत १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी व इतर साथीदारांना घेऊन सशस्त्र उठाव केला. इंग्रजी अमलात रामोशांचा परंपरागत राखणदारीचा आधार आधीच सुटत चालला होता. जुलै १८७९ मध्ये फडके पकडले गेले आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. कर्जबाजारी शेतकऱ्यांना थोडे संरक्षण देणारा दख्खन शेतकरी साहाय्य कायदाही १८७९ मध्येच झाला. सरकारला जाग आली होती. पण ती उद्रेकानंतर.

३.२ १९७२-७३ चा दुष्काळ

सुमारे शंभर वर्षांनी महाराष्ट्रावर पुन्हा मोठा दुष्काळ कोसळला. या वेळी मात्र शासनाने दुष्काळी कामे मोठ्या प्रमाणावर काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती. ‘मागेल त्याला काम’ हे तत्त्व मांडणाऱ्या रोजगार हमी योजनेचा राज्यव्यापी आरंभ याच काळात झाला. तिच्यामागे वि. स. पागे यांची कल्पना होती. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याला तिने वाट दाखवली.

असंतोष याही वेळी होता. मजुरांनी मजुरीसाठी मोर्चे काढले. मुंबईत महागाईविरोधात स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. परंतु ज्याच्याकडे मागणी करावी असे सरकार समोर होते आणि त्या सरकारला मतांची गरज होती. म्हणून संघर्ष मोर्चापर्यंत गेला, शस्त्रापर्यंत गेला नाही. पाऊस दोन्ही वेळा हुकला. समाजाने दिलेले उत्तर वेगळे ठरले.

४. वर्धा आणि गडचिरोली

सशस्त्र संघर्षाचे विदर्भातील ठळक उदाहरण म्हणजे गडचिरोली. १९८० च्या सुमारास तेथे नक्षलवादी गट आले. तेव्हा तेथे दुष्काळाचे कारण नव्हते. या वनव्याप्त जिल्ह्यात वर्ध्यापेक्षा अधिक पाऊस पडतो. तेंदूपाने आणि बांबू यांची मजुरी, जंगलावरील हक्क आणि प्रशासनाची वागणूक हे तेथील असंतोषाचे विषय होते. याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. शस्त्राविना हक्क मिळवण्याची वाट उपलब्ध असते, तेव्हा काय घडू शकते, याचे हे उदाहरण होय.

वर्धा जिल्ह्याची स्थिती वेगळी आहे. येथील कापूस, सोयाबीन आणि तूर ही पिके मुख्यतः पावसावर अवलंबून आहेत. मृगात पेरणी झाल्यावर पावसाने दडी मारली, तर दुबार पेरणी करावी लागते आणि बियाण्याची उधारी दुप्पट होते. काढणीच्या वेळी पाऊस लांबला, तर सोयाबीनच्या शेंगांना कोंब फुटतात, कापसाची बोंडे सडतात. २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापसाचे मोठे नुकसान केले. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्या सहांत वर्धा होता.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. इतके संकट असूनही वर्ध्यात सशस्त्र संघर्ष नाही, मग येथे हिंसा नाही असे म्हणावे काय? १८७५ च्या शेतकऱ्यासमोर सावकार होता आणि त्याच्या पेटीत रोखा होता. आजचे कर्ज बँक, कृषी केंद्र, नातेवाईक आणि खासगी सावकार यांच्यात विभागलेले असते; कापसाचा भाव दूरच्या बाजारात ठरतो; पाऊस तर कोणाच्याच हाती नाही. सामूहिक रागाला समोर कोणी प्रतिपक्ष उरत नाही आणि अपयशाचा भार एकट्या कुटुंबावर पडतो. अशा वेळी हिंसा बाहेर न जाता आत वळते. म्हणून केवळ सशस्त्र घटना मोजून एखाद्या प्रदेशाला ‘शांत’ ठरवणारी मोजपट्टी अपुरी आहे.

५. सारांश

हवामानबदल हा संघर्षाचे एकमेव किंवा थेट कारण नसतो. तो कर्ज, विषमता आणि शासनाची उदासीनता यांतून निर्माण झालेला धोका तीव्र करतो. १८७९ व १९७३ यांतील फरक मुख्यतः व्यवस्थेचा आहे. पुढील काळात पाऊस अधिक लहरी होणार असेल, तर रोजगार हमी, पीक विमा, पतपुरवठा, पाणीवाटपाचे नियम आणि ग्रामसभा या व्यवस्था संकट येण्यापूर्वी सक्षम असणे हाच शांततेचा पाया होय. त्यांचे यश मोजताना मात्र दंगा झाला नाही एवढे पाहून चालणार नाही. कोणते कुटुंब एकटे पडले, हेही पाहावे लागेल.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘धोका वाढवणारा घटक’ ही संज्ञा दारफूरच्या आधारे स्पष्ट करा.
२. दख्खनचे दंगे दुष्काळापूर्वी झाले, या वस्तुस्थितीवरून कोणता निष्कर्ष निघतो?
३. १८७६-७८ आणि १९७२-७३ या दुष्काळांतील शासनाच्या भूमिकांची तुलना करा.
४. क्षेत्रीय कार्य : तुमच्या गावातील तीन वयस्क शेतकऱ्यांशी बोलून १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी नोंदवा. त्या काळी पाणी आणि काम यांवरून झालेले तंटे कोणी व कसे मिटवले, यावर २०० शब्दांत टिपण लिहा.